पोटातली गोष्ट

दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहून काकांनी पिशवीतून काकूंचा निळा ड्रेस काढला आणि शिंप्यापुढे ठेवला.

“दोन्ही बाजूंनी इंचभर सैल करा. पण तिला कळता कामा नये हं, उगाच मनाला लावून घेईल. तुमच्या पोटात राहील ना?”

“या कानाचं त्या कानाला कळणार नाही, काका.”

काका निर्धास्त झाले. निघताना स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाले, “माझं बघा! दहा वर्षांपूर्वीची पँट अजून बसते.”

“त्याला नशीब लागतं, काका,” मशीनवरची नजर न काढता शिंपी म्हणाला.

ती पँट काकूंनी आतापर्यंत तीनदा त्याच्याकडून सैल करून नेली होती, आणि तीही याच अटीवर.