विसाव्याचं वर्ष

शेत शेतच राहावं म्हणून सरकार अनुदान देणार होतं. “ते मिळालं तर कसतो, नाहीतर प्लॉट पाडून मोकळा होतो,” असं लेकानं म्हातारीला बजावलं होतं. आज तपासणीला आलेली मुलगी बांधावर उभी राहून मोबाइलमध्ये शेताचा आकाशातून काढलेला फोटो बघत होती.

“मावशी, यंदा काहीच पेरलं नाहीत? सगळं मातकट दिसतंय. हिरवं दिसलं तरच शेती धरतात.”

“अगं, लागोपाठ पिकं दिली या जमिनीनं. बाळंतिणीला कुणी लगेच कामाला जुंपतं का? म्हटलं, एवढं एक वर्ष निजू दे तिला. तुला नाही कळायचं, पोरी.”

मुलीनं वाकून एक ढेकूळ उचललं, अलगद फोडलं, हुंगलं.

“कळतं, मावशी. माझ्या आईनंही अशीच निजवली होती जमीन.”

म्हातारी उजळली. “मग लिही की तसं! आणि उठल्यावर कशी पिकली गं तुमची?”

मुलीनं मोबाइलवर ‘पडीक’ या शब्दावर बोट टेकवलं.

“उठलीच नाही, मावशी. आमचं ऑफिस उभं आहे तिच्यावर.”