नदीकाठची लगोरी

१९९७ सालच्या मे महिन्यात, मरायच्या नऊ दिवस आधी, पवित्रानं व्हिडिओ गेमचा रिमोट आईच्या हातात दिला.

"अव्वा, माझी बोटं वळंनात आता. चिंगीला तू ने पलीकडं."

"मला काय जमतंय गं त्यातलं?" रत्नव्वा म्हणाली.

"भाकरी थापतीस न्हवं? मग जमतंय. डाव्या अंगठ्यानं चालवायचं, उजव्यानं उडी."

पवित्रा दहा वर्षांची होती. हृदयाची झडप जन्मापासून खराब. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा थोरला भाऊ अमरेश महाद्वार रोडवर गेला आणि तो गेम घेऊन आला. कॅसेटवर सगळं जपानी लिहिलेलं. गेमही जपानी भुताखेतांचाच. लाल झग्यातली एक मुलगी कागदी पंखा घेऊन ढगांवरून उड्या मारत जायची. वाटेत एका पायावर नाचणारी, जीभ काढणारी छत्री. मान वावभर लांबवणारी बाई. स्वतःचं पोट ढोलकीसारखं बडवणारं एक गुबगुबीत जनावर. पवित्रानं सगळ्यांची बारशी केली होती. मुलगी चिंगी, छत्री म्हणजे छत्रीराव, बाई लांबमानी. जनावराचं नाव तिनं ढेरपोट्या ठेवलं आणि ते आपल्या अप्पांसारखं दिसतं म्हणून हसून हसून तिला धाप लागली. अप्पा, म्हणजे चनबसाप्पा, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. ते त्या यंत्राला भुताचा डबा म्हणत आणि त्या खोलीत पाऊल टाकत नसत. लेकीची धाप त्यांना बघवत नसे.

शेवटी नदी यायची. पलीकडं धुकं. अलीकडच्या काठावर दगडांचे सात ढीग, बाजूला एक तांबडा राक्षस, आणि वर जपानीत चार ओळी. त्या कोण वाचणार? पण पवित्राला बघताक्षणी कळलं. गल्लीतल्या पोरांचा खेळ ती खिडकीतून रोज बघत आली होती.

"लगोरी हाय, अव्वा. फोड!"

ढीग फोडला की राक्षस टाळ्या पिटत नाचायचा. म्हणजे बरोबरच चाललंय. पण सातही फोडले तरी नदी ओलांडायला वाट मिळायची नाही. वेळ संपायचा, पडदा काळा व्हायचा. पुन्हा पहिल्या ढगापासून सुरुवात.

शेवटच्या दिवशी डोळे मिटूनच पवित्रानं विचारलं, "गेली का गं चिंगी?"

"जाती, बाळ. उद्या जाती."

दुसऱ्या दिवशी तिला पुरून आले. आठ दिवसांनी, दुपारी दोन वाजता, रत्नव्वानं टीव्ही लावला.

मग रोजच लावू लागली. जेवणं आटपली, भांडी घासून पालथी पडली की ती पदर खोचून बसायची. छत्रीराव चुकवायची, लांबमानीच्या मानेवरून उडी मारायची, नदीवर पोचायची आणि सातही ढीग फोडायची. लेकीनं सांगितलं होतं तसंच, जोरात. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. यंत्रं दोन बिघडली, अमरेशनं मुकाट्यानं नवी आणली. कॅसेट तीच राहिली. शेजारच्या अंबूबाई म्हणायच्या, "म्हातारपणी खेळाय लागली बघा ही." अशी नऊ वर्षं गेली.

२००६ च्या दिवाळीत वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू नागसेन यांची मुलगी प्रीती सुट्टीला आली. पुण्यात ती जपानी शिकत होती. फराळाचं ताट घेऊन खाली आली आणि पडद्यापुढं थबकली.

"काकू! हे तर जपानी हाय की!"

"तुला वाचाय येतंय?" रत्नव्वाचा अंगठा थांबला. "मग सांग. काय लिवलंय त्यात? वाट कुठनं हाय?"

प्रीतीनं अडखळत, पण मोठ्या उत्साहात वाचलं. "आईबापाच्या आधी मेलेली पोरं या काठावर अडकतात. आईबापाच्या नावानं दगडावर दगड रचला, तरच त्यांना पलीकडं न्यायला होडी येते. राक्षस ते ढीग पाडत राहतो." मग ती खळखळून हसली. "आणि काकू, तुम्हीच पाडताय की! म्हणून तर त्यो नाचतोय!"

रत्नव्वा पडद्याकडं बघत राहिली. सातही ढीग विखुरले होते.

"कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

"लेकीनं."

"कुठं असती ती?"

"तितंच की," रत्नव्वा म्हणाली आणि तिनं नदीच्या काठाकडं बोट दाखवलं.

प्रीतीच्या हातातलं ताट कलंडलं. करंज्या जमिनीवर पसरल्या. तिनं घाईनं टीव्ही बंद करायला हात पुढं केला. रत्नव्वानं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. लगोरीत फोडणाऱ्यानंच रचायची असती. बटन कुठलं, तेवढं सांग."

तीन दुपारी लागल्या. रत्नव्वा रचायची, राक्षस पाडायचा, ती पुन्हा रचायची. तिसऱ्या दिवशी सातवा ढीग उभा राहिला आणि धुक्यातून एक होडी आली. चिंगी तीत बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. रत्नव्वानं रिमोट खाली ठेवला आणि असा हंबरडा फोडला, की घराला लागून असलेल्या दुकानातून अमरेश अनवाणी धावत आला. पवित्रा गेली त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

प्रीती पुढं पुण्यातल्या एका कंपनीत लागली. जपानी यंत्रांची माहितीपत्रकं ती मराठीत आणते. गोष्टींच्या वाटेला जात नाही. अमरेशनं दुकान वाढवलं. त्याला मूल झालं नाही. रत्नव्वानं गेम पुन्हा लावला नाही. दुपारी ती झोपू लागली. २००९ च्या मार्चमध्ये अशीच दुपारची झोपली आणि उठली नाही. तिला लेकीशेजारी पुरलं.

त्यानंतर आठ दिवसांनी चनबसाप्पा त्या खोलीत आले आणि अमरेशला म्हणाले, "त्यो डबा जोडून दे." रोज दोन वाजता ते रिमोट उलटा की सुलटा, हे बघत बसतात. पहिल्याच ढगावरून ते पडतात, आणि पुन्हा सुरुवात करतात.