सिहोऱ्याचं गिऱ्हाईक

“गाडी काहून थांबवली?” मागून मोनिकानं विचारलं.

“मागच्या चाकात हवा कमी वाटून राहिली.” भूपेंद्र उतरला, वाकला, अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. टायर दगडासारखं टणक होतं.

“ठीक आहे ना? चला मंग.”

तुमसर मागे पडलं होतं. सिहोरा आता पाचेक किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या शेतांतल्या बांध्यांमधला धान कापून झाला होता. मोहाडीच्या घरून निघाल्यापासून भूपेंद्रनं बायकोला तीनदा सांगून पाहिलं, जाऊ दे, एका साडीपायी कोणाच्या दारात तमाशा कायले करायचा. मोनिका ऐकायला तयार नव्हती. नवरा भिडस्त आहे, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

सासरे टेकचंदजी मागावर कोशाच्या रेशमी साड्या विणायचे. व्यापारी भाव पाडून मागतात म्हणून दोन वर्षांपूर्वी मोनिकानं फोनवरून विक्री सुरू केली. फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, बायकांशी बोलून साडी पसंत करून घ्यायची, हे तिचं काम. बिल पाठवणं, पार्सल बांधणं, पोस्टात नेऊन टाकणं भूपेंद्रकडे. धंदा बरा चालला होता. दिवाळीपासून मात्र काहीतरी बिघडलं. साड्या पोचायच्या, मोनिकाच्या खात्यात पैसे यायचे नाहीत. एक नाही, चार जणी. पहिल्या तिघींच्या मागे पैशांसाठी भूपेंद्रच लागला होता. “फोनच नाही उचलत,” तो सांगायचा, आणि मोनिका डोळे पुसून पुढच्या साडीचा फोटो काढायची.

चौथी ही सुमनबाई. निवृत्त अंगणवाडी सेविका. आधीच्या दोन साड्यांचे पैसे तिनं वेळेवर दिले होते, म्हणून तिसरी मोनिकानं विश्वासावर पाठवली. साडेसहा हजारांची. या वेळी विचारणा मोनिकानं स्वतःच केली. ‘पाठवले ना बाई,’ एवढंच उत्तर आलं. पुरावा मागितला तर सुमनबाई चिडली. ‘मी खोटी दिसतो काय तुले?’ मग मोनिकाचाही तोल गेला. तिनं सुमनबाईच्या प्रोफाइलचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, हिच्यापासून सावध राहा.

दोनशे बायकांनी तो पाहिला. भूपेंद्रला जेवताना कळलं तेव्हा त्याचा घास तोंडातच राहिला.

“काढून टाक तो फोटो,” तो म्हणाला होता. “गरीब बाई आहे.”

“अन् आपण कोण आहो?”

नवं सूत आणायला घरात पैसे नव्हते. माग पंधरा दिवसांपासून बंद होता, आणि टेकचंदजी रोज सकाळी सवयीनं आंघोळ करून त्याच्यासमोर नुसते बसून राहायचे.

सुमनबाईच्या दाराला कुलूप होतं. भूपेंद्रला हायसं वाटलं.

“पाहा. नाही कोणी. चाल वापस.”

पण शेजारच्या अंगणातून एक बाई म्हणाली, “बँकेत गेल्या त्या. येतेतच आता.”

मोनिका ओट्यावर बसली. भूपेंद्र गाडीजवळच उभा राहिला, किल्ली मुठीत धरून. अर्धा तास गेला.

“इतका घाम काहून आला तुमाले?”

“ऊन आहे ना.”

ऊन काही फार नव्हतं.

ऑटोतून एक बारकीशी म्हातारी उतरली. खांद्याला कापडी पिशवी. दोघांकडे पाहून ती थबकली.

“मोनिका तूच काय?”

“हो, मीच. पैसे न्यायले आली. नसतील द्यायचे तर साडी वापस करा. नाही तर इथून सरळ ठाण्यात जाऊन राहिलो आमी.”

सुमनबाईनं आवाज चढवला नाही. कुलूप काढलं, दोघांना आत बसवलं, पेल्यातून पाणी दिलं. बुद्धांच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर ती स्वतः टेकली.

“तीस वर्सं अंगणवाडीत होती मी. लेकरायचं धान्य मापून देत होती. एक दाणा इकडचा तिकडं होऊ देल्ला नाही. अन् तुनं एका दिवसात मले चोट्टी केली. माह्या नातीच्या सासरी पोचला तो फोटो.” “ते लोक तिले विचारते, हेच काय तुही आजी?”

भूपेंद्रनं हातातला पेला खाली ठेवला.

“मावशी, फोटो आत्ताच काढतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “माफी लिहून टाकतो ग्रुपवर. साडी ठेवा तुमी, पैशाचं राहू द्या. ऊठ मोनिका.”

“तुमी चूप बसा!” मोनिका कडाडली. “असंच करून करून घर बुडवलं तुमी.”

“फुकटची साडी मले नको बाबू,” सुमनबाई म्हणाली. तिनं पिशवीतून पासबुक काढलं. “सकाळपासून याच्यासाठीच बसली होती बँकेत. म्हटलं, आता छापूनच आणतो. तुमच्या बिलावर जो नंबर होता, त्याच्यावरच टाकले मी. वाच. कोणाले गेले ते नाव बी आहे तिथं.”

मोनिकानं पासबुक घेतलं. भूपेंद्र उठून दाराशी गेला, पण उंबरठ्यावरच थांबला.

“पाच तारीख,” मोनिका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. “साडेसहा हजार. भूपेंद्र टेकचंद...”

आडनाव तिनं वाचलं नाही.