बंधाऱ्यावरून लाईव्ह

आनंदवल्लीच्या बंधाऱ्यात बुडालेल्या मुलाचा खांदा पाण्यावर दिसला आणि काठावरचे सगळे मोबाईल एकदम वर झाले. त्यातला एक गोरक्षचा होता.

"प्रेक्षकहो, आपण थेट पाहताय..." त्याने आवाज चढवला. उभी हयात वर्तमानपत्रात बातम्या लिहिण्यात गेलेली. आवृत्ती बंद पडली म्हणून तो एका वेब पोर्टलवर आला होता. मोबाईलपुढे बोलताना अजून जीभ अडखळायची. पण बघणारे वाढत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा कधीच हजारांत गेला होता.

निळा, चौकड्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तोंड पाण्यात होतं. अग्निशमन दलाच्या जवानांनी मुलाच्या कमरेला दोर बांधला, पण त्याचा पाय खाली कुठल्याशा सळईत अडकला होता. दोघं पुन्हा बुडी मारून खाली गेले.

कॉमेंट्स सरकत होत्या. भावपूर्ण श्रद्धांजली. रील काढायला उतरला असणार. आईबाप लक्ष देत नाहीत. चेहरा दाखवा. लाल बदाम तरंगत वर चालले होते. त्यांच्यामधून एक ओळ आली.

'भाऊ शर्ट जरा जवळून दाखवा. माझ्या स्वराजचा असाच हाय.'

नाव होतं उज्वला आहेर. गोरक्षने नीट वाचेपर्यंत ओळ वर निघून गेली. खालून दुसरी आली.

'तो नाशकात कॉलेजला हाय. सकाळपासून फोन लागत नाय. भाऊ शर्ट दाखवा.'

त्याखाली कुणीतरी हात जोडलेले इमोजी टाकले. कुणी लिहिलं, 'अहो झूम करा ना, आई आहेत त्या.' बघणाऱ्यांचा आकडा भराभर वर चढला.

गोरक्षच्या खिशातला दुसरा फोन वाजला. पोर्टलचा मालक विश्वेश होता.

"काका, पाहिलंत का? आई आलीय कॉमेंटमध्ये! नाव घेऊन बोला तिच्याशी. कॅमेरा अजिबात हलवू नका."

"अरे, पोलिसांनी अजून ओळख पटवलेली नाही. तिला कुणी काही कळवलेलं नाही."

"म्हणूनच तर!"

गोरक्षने लाईव्ह बंद केलं. विश्वेशचा फोनही कापला. मग त्या बाईचं खातं शोधून तिला आपला नंबर पाठवला. मेसेज गेला न गेला तोच तिचा फोन आला.

"भाऊ, बंद का झालं तुमचं?" ती धापा टाकत होती. "मी उज्वला, देवळ्याहून. मला फक्त शर्ट बघायचाय. दुसरं काही नको."

"ताई, अजून काही नक्की नाही. घरात कोण आहे तुमच्याजवळ?"

"कुणी नाय. हे मार्केटात गेलेत."

"मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. आत्ताच्या आत्ता. मी थांबतो फोनवर."

"शेजारचं राहू द्या. त्याची कॉलर उसवली होती. घरात निळा दोरा नव्हता, म्हणून मी पिवळ्यानं शिवली. तेवढं बघता का? पिवळा नसंल तर तो आमचा नाय."

गोरक्षने नदीकडे पाहिलं. जवानांनी पाय मोकळा केला होता. दोर ताणला गेला, देह पालथाच काठाकडे येऊ लागला. मान एका अंगाला कलली होती, कॉलर उलटी झाली होती. त्याला दोरा दिसला.

"भाऊ?"

इतकी वर्षं त्याने अपघात लिहिले, बुडालेले लिहिले. पण घरच्यांना आधी दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असायचं.

"भाऊ, दिसला का?"

"ताई, तुम्ही आधी खाली बसा."

"मी बसलीय. सांगा."

गोरक्ष फोनवर हात ठेवून गर्दीकडे वळला. "फोन खाली करा रे! त्याची आई बघेल!"

"कुठंय आई?" शेजारच्या माणसाने विचारलं आणि मोबाईल गोरक्षच्या तोंडासमोर धरला.

गोरक्षने त्याचा हात झटकला, पण बाकीचे फोन तसेच वर होते. एका फोनवर हात मारला की दुसरा पुढे येत होता. कुणीतरी त्याला मागे ढकललं. "तू काढतोस तेव्हा चालतं का रे?" मागून आवाज आला.

काठावरून जवान ओरडला, "ओढा, ओढा, सावकाश!"

गोरक्षने फोन पुन्हा कानाला लावला. मग तिच्याच बाजूने, बारीक पण स्पष्ट आवाज आला, "ओढा, ओढा, सावकाश!"

"ताई, तिथे काय लागलंय?"

"घरातल्या दुसऱ्या फोनवर दुसरं चॅनल लावलंय. तुमचं बंद झालं ना." ती हळू बोलत होती, जणू मोठ्याने बोललं तर चित्र हलेल. "वढत्यात त्याला."

इथे त्याला ओढून झालं होतं; तिच्याकडचं लाईव्ह काही सेकंद मागे होतं. जवानांनी देह फरशीवर घेतला होता. एकाने खांद्याखाली हात घातला, दुसऱ्याने कमरेखाली.

"ताई, तो फोन उलटा ठेवा. माझं ऐका. पाया पडतो, उलटा ठेवा."

"का? का पण, भाऊ?"

जवानांनी देह उताणा केला. काठावरची सगळी गर्दी चिडीचूप झाली.

तिच्या फोनमधून मात्र अजून गलका ऐकू येत होता.