नवसाचे मासे

"पुढच्या वर्षी हा सकर मासा आपल्या देवतळ्यात असेल," तळ्यांचा अभ्यास करणारी मुलगी डोंगरापलीकडच्या तळ्यातला फोटो दाखवत म्हणाली. "तो बाकीच्या माशांची अंडी खातो. भोयांच्या जाळ्यात मग काही उरत नाही."

देवस्थानचे विश्वस्त हसले. "मधला डोंगर चढून येणार का तो, ताई?"

"पिशवीतून येतो, काका. जिथे जिथे मासे सोडायचा नवस फेडतात, तिथेच तो सापडलाय."

माझ्या हातातली जपमाळ थांबली. सोळा सोमवारांच्या उद्यापनाला मी देवळाजवळच्या दुकानातून असेच काळे, ठिपक्यांचे अकरा मासे घेऊन तळ्यात सोडले होते. जीव सुटले म्हणून हातही जोडले होते. मी ते तिथेच सांगून टाकलं.

विश्वस्तांचं हसू मावळलं. "वहिनी, बाहेर बोलू नका. दुकान देवस्थानचंच आहे. तुमचं पुण्य कुठे जात नाही."

"आणि भोयांचं पोट?" मी विचारलं. त्यावर ते पंचांग चाळायला लागले.

मी कधी आवाज चढवत नाही. आज सकाळची पूजा आटोपून त्या दुकानाच्या दारातच आसन घातलंय, आणि पिशवी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकीला मी काय केलं ते सांगते आहे.