गळलेला काना

“पुस्तक थांबवा,” कानामात्राबाई म्हणाल्या.

मुद्रितं तपासणाऱ्या या बाईंचं खरं नाव छापखान्यात कुणीच घेत नसे. मालकांनी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासात मुखपृष्ठ यंत्रावर चढायचं होतं. समोर लेखकाचा पणतू बसला होता, पणजोबांचा झुपकेदार मिशांचा फोटो मांडीवर घेऊन. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या कादंबरीची ही तिसरी आवृत्ती.

बाईंनी पहिल्या आवृत्तीची पिवळी पडलेली प्रत पुढे सरकवली आणि प्रस्तावनेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘घरची मंडळी बाहेर गेल्यावर दार लावून मी एकटीच लिहायला बसले, तेव्हा कुठे ही गोष्ट शेवटास गेली.’

“‘बसलो’ पाहिजे ते,” मालक म्हणाले. “छपाईचे जुने खिळे, काना गळला असेल. मागच्या आवृत्तीत बरोबर छापलंय की.”

“ते मीच केलं. तीस वर्षांपूर्वी, नवी होते तेव्हा. ‘एकटीच’ आणि ‘बसले’, दोन्ही शब्द सुधारले. तुमच्या वडिलांनी पाठ थोपटली होती.” त्या शाबासकीची बाईंना आज लाज वाटत होती. “काना गळेल हो. पण ‘एकटाच’वर वेलांटी कुठून उगवेल?”

पणतू हसला. “त्यात काय एवढं? पणजोबा सांगायचे आणि पणजी लिहून घ्यायची. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लिहिता लिहिता झाली असेल चूक तिची.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण ‘एकटीच’ म्हणतायत त्या. दार लावून. मग सांगत कोण होतं?”

पणतूचं हसू मावळलं. त्याने ती ओळ पुन्हा वाचली, मग ओठ हलवत आणखी एकदा. पणजोबांनी आपल्या पुस्तकाचं पहिलं पान तरी वाचलं होतं की नाही, देव जाणे.

मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, “तळटीप टाकू. मुखपृष्ठावर नाव तेच राहू दे.”

“तळटीप नको.” पणतूने फोटो टेबलावर पालथा ठेवला. “नाव बदला.”

“बदलतो. काय घालू?”

पणतूला ते नाव ठाऊकच नव्हतं. घरात ती नुसती पणजीच होती. शेवटी त्याने फोन लावला. “आत्या, पणजीचं नाव काय गं?”

आत्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. “आत्ता सुचलं होय रे विचारायला?” मग तिने नाव सांगितलं.

बाईंनी मुखपृष्ठाचा कागद ओढला आणि छापील नावाच्या वर लाल शाईने लिहायला घेतलं. शेवटच्या अक्षराशी हात थबकला. “जुनं नाव आहे. वेलांटी पहिली की दुसरी?”

“दुसरी,” आत्या म्हणाली. “आणि नीट काढा म्हणावं.”

बाईंनी नीट काढली. वरून ऐसपैस वळण घेऊन तिचा काना जो खाली निघाला, तो पणजोबांच्या नावातून आरपार उतरला.

“केवढा काना तो, बाई,” मालक म्हणाले.

“पुन्हा गळायला नको,” कानामात्राबाई म्हणाल्या.