दोन मिनिटं

इस्माईल मिस्त्रीने प्लग काढून पुढे धरला. काजळीने काळा, पेट्रोलने चिंब.

“वहिनी, ही पिकअप रोज सुरू करता?”

“तुळशीला पाणी घातलं की चोक ओढून दोन मिनिटं. आत यांना आवाज ऐकू जावा म्हणून.”

अर्धांगानंतर यांची वाचा गेली होती. खाटेवर बोट एकदा आपटलं तर हो, दोनदा तर नाही.

“इंजिन तापायच्या आत बंद करता, म्हणून पेट्रोल साचून आचके देतंय. गाडी चालायला हवी.”

“हे बरे झाले की चालवतीलच. तोवर माझा नेम आहे.”

मिस्त्री प्लग पुसत राहिला. मग म्हणाला, “विकून टाका.”

आतून खाट एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजेल म्हणून मी कितीतरी वेळ उभी राहिले.